संत्र्याच्या गावात मँटिस झिंगा पाळताना

बी.एस्सी.ला होतो तेव्हा प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या कपाटात, फॉर्मॅलिनच्या बरणीत एक प्राणी होता. पांढराफटक पडलेला, पुढचे दोन पाय छातीशी दुमडलेले, बरणीवर चिठ्ठी 'स्क्विला'. प्रात्यक्षिक परीक्षेत तो ओळखायचा, दोन वैशिष्ट्यं लिहायची आणि पुढच्या बरणीकडे सरकायचं. मी सरकलो, पण हा जिवंतपणी कसा दिसत असेल, हे डोक्यातून गेलं नाही. पुढे वरुड तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो, वडिलांची संत्र्याची बाग सांभाळू लागलो. समुद्र इथून शेकडो किलोमीटर पलीकडे. तरी आज माझ्या माजघरात, धान्याच्या कोठीशेजारी, खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक मँटिस झिंगा, म्हणजे त्या स्क्विलाचाच भाऊबंद, राहतो. त्याला आता तीन वर्षं झाली. त्याच्या आधी एक होता. तो माझ्याच हातानं गेला. ते पुढे येईलच.

आपल्या भागातल्या कुणाला हा प्राणी ठेवायचा असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितो आहे. समुद्राकाठच्या शहरांतल्या हौशी लोकांच्या सूचना आपल्याकडे जशाच्या तशा चालत नाहीत. आपलं ऊन वेगळं, बोअरचं पाणी वेगळं, आणि आपल्या घरात फवारणीची औषधं असतात.

नाव झिंग्याचं असलं तरी हा खरा झिंगा नव्हे, आणि मँटिस म्हणजे प्रार्थना कीटक, तोही नव्हे. खेकडे-झिंग्यांच्या कवचधारी गोतावळ्यातलाच, पण वेगळ्या गणातला. त्या गणाला स्टोमॅटोपोडा म्हणतात. पाळणाऱ्यानं त्यांचे दोन प्रकार ओळखायला शिकावं, फोडणारे आणि भोसकणारे. फोडणाऱ्यांच्या पुढच्या पायाचं टोक गदेसारखं फुगीर असतं. त्यानं ते शिंपले, गोगलगायी, खेकड्याचं कवच फोडतात. भोसकणाऱ्यांच्या त्याच पायाला धारदार काटे असतात. ते वाळूत बीळ करून दडून बसतात आणि वरून जाणारा मासा टिपतात. त्यातला पट्टेदार लायसिओस्क्विलिना ४० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. तो घरात नकोच. मोरपंखी रंगाचा ओडोंटोडॅक्टायलस बघणाऱ्याला भुरळ घालतो, पण तोही १५-१८ सेंटिमीटरचा होतो, त्याला सव्वाशे लिटरच्या वर टाकी लागते, आणि वर झगझगीत दिवे लावले की त्याला कवच झिजण्याचा रोग लवकर लागतो. पहिल्यांदा ठेवणाऱ्यानं गोनोडॅक्टायलसच्या जातकुळीतला, पाच-सात सेंटिमीटरचा लहान फोडणारा घ्यावा. माझा त्यातलाच आहे, हिरवट रंगाचा, माझ्या मधल्या बोटाएवढा.

लहान आहे म्हणून हात घालू नका. २००४ साली कॅलिफोर्नियात शीला पाटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोरपंखी जातीचा तडाखा अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपला. गदा सेकंदाला २३ मीटरपर्यंतच्या वेगानं सुटते, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर, आणि तेही पाण्यात. त्या वेगानं गदेपुढचं पाणी फाटतं, त्यात वाफेचा बुडबुडा होतो, आणि तो मिटताना शिंपल्याला दुसरा दणका बसतो. एवढं बळ नुसत्या स्नायूतून येत नाही. पायात खोगिरासारखी वळलेली एक पट्टी असते. ती आधी दाबून अडकवलेली असते, मग खिट्टी सुटते. पाखरं हाकायला आपण गोफण गरगरा फिरवतो, तसं हे नाही. हे ओढून धरलेलं धनुष्य आहे. लहान जातींचा मार मोठ्यापेक्षा कमी असला तरी बोट फुटायला तेवढा पुरतो. टाकीत हात घालायचाच झाला तर आधी तो कुठे आहे हे डोळ्यांनी पाहायचं, आणि त्याला हलवायचं असेल तर जाळीनं किंवा प्लॅस्टिकच्या डब्यानं. बोटांनी कधीच नाही.

आणायचा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच आणा. माझा पुतण्या मुंबईत नोकरीला आहे. त्यानं दुकानातून घेऊन प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत, थर्माकोलच्या डब्यात घालून, रात्रीच्या गाडीनं अमरावतीला आणला आणि तिथून एसटीनं गावी. जानेवारी होता म्हणून जमलं. एप्रिलमध्ये एसटीच्या टपाखाली तो डबा शिजला असता. दुकानदार 'जिवंत दगड' म्हणून प्रवाळाचे तुकडे देऊ लागला तर घेऊ नका. खरी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहेत. ती विकणंही गुन्हा आणि बाळगणंही. मँटिसला त्यांची गरज पण नाही.

टाकी

माझी टाकी दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. आत पाणी ७५ लिटरच्या आसपास राहतं. काच ८ मिलिमीटरची. हा प्राणी काच फोडतो असं बरंच ऐकाल. लहान जातीकडून तसं सहसा होत नाही, पण बीळ खोदताना तो तळाशी ठोकत राहतो, म्हणून तळाच्या काचेवर अॅक्रिलिकचा पत्रा टाकला आहे आणि त्यावर तीन बोटं वाळू. वाळू दुकानातली, कॅल्शियमवाली अॅरागोनाइट. शेजाऱ्यानं नदीची रेती आणून देतो म्हटलं, मी नको म्हणालो, कारण कुठल्या शेताचं पाणी तिच्यातून गेलं आहे हे कळायला मार्ग नाही.

घर म्हणून प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा उत्तम. बागेला पाइपलाइन केली त्यातला एक इंच व्यासाचा तुकडा उरला होता. दोन टोकांना दोन एल्बो लावून इंग्रजी यू सारखा आकार केला आणि तो वाळूत असा पुरला की दोन्ही तोंडं वर उघडी राहतील. पाइप प्राण्याच्या लांबीच्या दुपटीपेक्षा लांब हवा आणि त्यात त्याला कोलांटी घेऊन उलटं वळता आलं पाहिजे; बिळात वळायची त्याची तीच रीत आहे. पाइप कोरा असावा. ठिबकच्या व्हेंच्युरीतून विद्राव्य खत गेलेला, जुना पाइप धुऊन वापरू नका.

आणखी एक गोष्ट त्याला लागते, ती म्हणजे सामान. हा गवंडी आहे. लहान-मोठे खडे, शिंपल्यांचे तुकडे, फुटक्या कुंडीच्या खापऱ्या असं काहीतरी भोवती हवं, म्हणजे तो दार बांधतो, अरुंद करतो, रात्री बंद करतो. कोंबड्यांच्या खाद्यासोबत शिंपल्याचा चुरा मिळतो, तो स्वच्छ धुऊन मी टाकला. पहिल्या आठवड्यातच त्यानं एक तोंड पूर्ण चिणून टाकलं आणि दुसरं आपल्या डोक्याच्या मापाचं ठेवलं.

त्याच्यासोबत दुसरं काही ठेवू नका. मासा नको, खेकडा नको, दुसरा मँटिस तर अजिबात नको. एकटा प्राणी, पण टाकी रिकामी वाटत नाही. काठावर दोन डोळे येतात आणि ते वेगवेगळ्या दिशांना फिरत राहतात. या गणातल्या बऱ्याच जातींच्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या बारा प्रकारच्या पेशी असतात, आपल्याकडे तीन. तरी २०१४ साली झालेल्या प्रयोगांत जवळजवळच्या छटा ओळखण्यात तो आपल्यापेक्षा कच्चा निघाला. म्हणजे इतकं साहित्य जवळ असून तो ते आपल्यासारखं वापरत नाही. माझी आई रोज संध्याकाळी त्याच्यासमोर पाट टाकून बसते. पहिल्या दिवशी म्हणाली होती, "हे कायचं झिंगं आणलं रे? याचे डोळे त माणसावानी फिरतेत."

पाणी

स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियमसोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असतं आणि कवच घडवायला त्याला ते लागतं. मत्स्यटाक्यांसाठी मिळणारं कृत्रिम सागरी मीठच आणा. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळपास. ते मोजायला क्षारतेचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. संत्र्याची गोडी बघायला आपल्याकडे ब्रिक्सचा असतो, दिसायला तोच, पण त्याच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका.

मीठ ज्यात घोळायचं ते पाणी आरओचं. वरुड-मोर्शीकडची जमिनीखालची पातळी किती खोल गेली आहे, ते बोअर मारणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. माझ्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, सातशेच्या वर येतो, आणि आपण बागांना घालत आलो त्या युरियाचं नायट्रेट त्याच पाण्यात उतरलेलं असतं. घरच्या आरओचं पाणी तीस-चाळीसवर येतं. गावातल्या जारचं पाणी घेत असाल तर प्रत्येक वेळी टीडीएस मीटर बुडवा. फिल्टर केव्हाचा बदलला हे कुणी सांगत नाही.

टाकी भरली म्हणजे प्राणी सोडायला तयार झाली, असं नाही. ताजं शेण झाडाला घातलं तर मूळ जळतं, कुजलेलं घातलं तर झाड हसतं, तसंच इथे आहे. प्राण्याच्या विष्ठेतून अमोनिया निघतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत वस्तीला यावे लागतात. शेतात युरिया टाकल्यावर मातीत जे घडतं तेच. मी रिकाम्या टाकीत झिंग्याचा एक तुकडा सडायला टाकला आणि दर तीन दिवसांनी मोजत राहिलो. अमोनिया चढला, उतरला. मग नायट्राइट चढलं, उतरलं. दोन्ही शून्यावर यायला सहा आठवडे लागले. तेवढे द्या. पुढे दर रविवारी सात-आठ लिटर पाणी बदलायचं, नायट्रेट लिटरला वीस मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं.

पिशवीतून टाकीत एकदम ओतू नका. ठिबकची नवी मायक्रोट्यूब घ्या, गाठ मारून थेंब-थेंब टाकीचं पाणी त्याच्या डब्यात सोडा. तासाभरात डब्यातलं पाणी तिप्पट झालं की जाळीनं उचलून टाकीत.

ऊन

याला २२ ते २७ अंशांत ठेवायचं असतं. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर ४५. चिलर घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून मी माठाकडे बघितलं. माठ गार का राहतो? पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. म्हणून कॉम्प्युटरचे दोन लहान, १२ व्होल्टचे पंखे टाकीच्या कडेला असे बसवले की वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून आडवा वाहील. विदर्भातल्या उन्हाळ्याची हवा इतकी कोरडी असते की हा उपाय आपल्याकडे मुंबईपेक्षा चांगला चालतो. माजघरात ३२ असताना टाकीत मला २७ मिळतं.

यात दोन गोष्टी नडतात. पहिली म्हणजे कूलर. कूलरची हवा गार असते, पण ओली. तो थेट टाकीच्या खोलीत कोंडला तर पंख्यांचा गुण जातो. मी कूलर बाजूच्या खोलीत लावतो, मधलं दार अर्धं उघडं, आणि मागची खिडकी किलकिली, म्हणजे ओल बाहेर पडते. दुसरी गोष्ट झाकण. हा प्राणी नळीवरून चढून बाहेर येऊ शकतो, म्हणून झाकण हवंच, पण काचेचं झाकण टाकलं की वाफ अडते. मी अॅल्युमिनियमच्या चौकटीत नायलॉनची मच्छरजाळी ताणून बसवली आहे आणि चौकटीला चारी कोपऱ्यांत क्लिप आहेत.

आता खरी काळजी. वाफ होऊन जातं ते पाणी. मीठ मागेच राहतं. मे महिन्यात माझ्या टाकीतलं दिवसाला अडीच लिटर पाणी उडतं. दोन दिवस दुर्लक्ष केलं तर खारटपणा भलताच वाढतो. काचेवर मार्करनं रेघ मारा, आणि सकाळ-संध्याकाळ त्या रेघेपर्यंत पाणी घाला. बिनमिठाचं, आरओचं. हे सांगतो आहे कारण पहिल्या उन्हाळ्यात मी मिठाचं पाणी घालत होतो आणि चार दिवसांनी आकडा १.०३० दाखवायला लागला. तो तसाच हळूहळू, दोन दिवस लावून खाली आणला.

पावसाळ्यात दमट हवेत पंखे फारसे चालत नाहीत, पण तेव्हा गरजही कमी असते. पाणी २८ च्या वर जाऊ लागलं तर अर्ध्या लिटरची बाटली गोठवून, झाकण घट्ट लावून, पाण्यात तरंगत सोडतो. एका वेळी एकच. डिसेंबरात उलट, रात्री पारा दहाच्या खाली येतो, तेव्हा १०० वॅटचा हीटर, आणि त्याच्याभोवती छिद्रं पाडलेली प्लॅस्टिकची नळी, म्हणजे त्यानं काचेचा हीटर फोडू नये.

खाणं

लोक सगळ्यात जास्त चुका इथे करतात, आणि त्याही प्रेमापोटी. आपल्याकडे पाहुण्याला पोट भरल्यावरही आग्रह करतात. याला आग्रह नको. सहा सेंटिमीटरच्या प्राण्याला आठवड्यातून तीनदा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा, बस. माझे वार सोमवार, बुधवार, शनिवार. वेळ दिवेलागणीची.

मुख्य खाणं कवचासकटचा झिंगा. अमरावतीला गेलो की बर्फातला समुद्री झिंगा आणतो, न सोललेला, मीठ-हळद काही न लावलेला. घरी साध्या पाण्यात धुऊन लहान तुकडे करतो आणि ताटलीत पसरून फ्रीजरमध्ये कडक झाले की डबीत भरतो. एक तुकडा काढून टाकीतल्याच पाण्यात विरघळू द्यायचा, ते पाणी फेकायचं, तुकडा बांबूच्या काडीला टोचून दाराशी धरायचा. स्टीलचा चिमटा वापरू नका, तो चिमट्यालाच ठोकतो. पहिले आठ-दहा दिवस तो बाहेर येणार नाही. काडी दारापाशी ठेवून निघून जा. महिनाभरात त्याला वेळ कळते. माझा आता साडेसहाला अर्धा बाहेर येऊन बसतो.

पण नुसत्या मऊ मांसावर फोडणाऱ्याला ठेवणं बरं नाही. त्याचं हत्यार आणि त्याचं सगळं वागणं फोडण्यासाठी घडलेलं आहे. आठवड्यातून एकदा त्याला काही कठीण द्या. अप्पर वर्धा धरणातून ढिवर बांधव मासे घेऊन आठवडी बाजारात येतात, त्यांच्याकडे सांगून ठेवलं तर जिवंत गोगलगायी आणि लहान शिंपले मिळतात. गोड्या पाण्यातला जीव खाऱ्या पाण्यात फार वेळ जगत नाही, म्हणून भुकेच्या वेळीच टाकायचा आणि दोन-तीन तासांत खाल्ला नाही तर काढून घ्यायचा. खाल्ला तर मात्र ऐकण्यासारखं असतं. तो आधी मिशांनी चाचपतो, शिंपला फिरवून कड बघतो, दाराशी ओढून टेकवतो. मग टक. थोडं थांबून पुन्हा टक. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज येतो, काचेला कान लावला नाही तरी ओसरीत ऐकू येतो. एका शिंपल्याला त्यानं पस्तीस-चाळीस तडाखे दिलेले मी मोजले आहेत, एकाच जागेवर. शेवटी कड तुटते आणि तो मांस आत घेऊन जातो. टरफलं दुसऱ्या दिवशी दाराबाहेर ढकललेली असतात. ती सगळी काढू नका, चांगली चार ठेवा, त्यालाच बांधकामाला लागतात.

शेताच्या नालीतले खेकडे देऊ नका. पावसाळ्यात पोरं पिशवीभर आणून देतात, फुकट असतात, मोह होतो. पण कपाशीवर मारलेलं औषध त्याच नालीत उतरतं. कीटकनाशक कीटकाला मारतं आणि हा कीटकाचा लांबचा भाऊबंद आहे. थेंबाच्या अंशानंही जाईल. बाजारातलं सुकट आणि सोडे एकदा देऊन पाहिले, त्यानं उचलून बाहेर टाकले, आणि त्यातल्या मिठाचा-रसायनांचा भरवसा नाही म्हणून मीही आग्रह धरला नाही. कोंबडी, बकऱ्याचं मटण, पीठ, भात, काही नको.

उरलेलं खाणं रात्रभर ठेवू नका. सकाळपर्यंत अमोनिया दिसतो.

दार बंद झालं की

एक दिवस तो खाणं नाकारेल. दुसऱ्या दिवशीही. मग रात्रीतून दोन्ही तोंडं खड्यांनी घट्ट चिणलेली दिसतील. आत काही हालचाल नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तुमचं मन खायला लागेल.

पहिल्याच्या वेळी हे आठव्या महिन्यात झालं. मी सहा दिवस कळ काढली. सातव्या दिवशी वाटलं, मेला असेल, सडला तर पाणी नासेल. बांबूच्या काडीनं खडे बाजूला केले, पाइप उचलून तिरका केला. तो बाहेर घरंगळला. जिवंत होता. नुकतीच कात टाकलेली, अंग मेणासारखं मऊ, रंग फिका, जुनं कवच पाइपात. उभं राहायची ताकद नव्हती. पाइप पुन्हा पुरला, तो आत गेला नाही. सकाळी वाळूवर आडवा होता. आईनं बघितलं आणि काही बोलली नाही. परसातल्या कढीपत्त्याखाली पुरला.

संत्रावाल्यानं ही चूक करावी याचं मला अजून वाईट वाटतं. आपण आंबिया बहारासाठी डिसेंबरात बाग ताणावर सोडतो. पाणी तोडतो, पानं मलूल होतात, वाटेनं जाणारा माणूस म्हणतो, "भाऊ, बाग सुकून राह्यली, पाणी सोड ना." आपण सोडत नाही. आपल्याला ठाऊक असतं की आत फुलाची तयारी चालली आहे. बंद दाराआड तीच तयारी असते.

कवचधारी प्राण्याला वाढायचं असेल तर कवच सोडावंच लागतं. त्याआधी तो खाणं बंद करतो, जागा बंद करतो. नवं कवच आणि गदा कडक व्हायला कात टाकल्यावरही दिवस लागतात, आणि तोवर त्याच्याजवळ मारायला काही नसतं. समुद्रात अशा वेळी दाराशी कुणी आलं तर काही गोनोडॅक्टायलिड जाती मऊ अंगानंच पुढे येऊन, हात पसरून धमकावतात. संशोधक रॉय काल्डवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९८३ साली हे बतावणीचं वागणं नोंदवलं. म्हणजे त्याची सगळी भिस्त दारावर असते. ते आपण उघडायचं नाही.

मी एक वही ठेवतो. तारीख, काय खाल्लं, तापमान, क्षारता, दार उघडं की बंद. आताच्या प्राण्याचं दार त्या वहीप्रमाणे साडेतीन-चार महिन्यांनी बंद पडतं. सगळ्यात कमी नऊ दिवस, सगळ्यात जास्त एकोणीस. त्या काळात मी खाणं घालत नाही, पाइपाला हात लावत नाही, टाकीवर कापड टाकतो, रविवारचं पाणी बदलणं मात्र हळूच चालू ठेवतो आणि अमोनिया एक दिवसाआड मोजतो. तो शून्य आहे तोवर आत कुणी सडत नाही, ही खूण पुरे. मग एका सकाळी एक तोंड उघडलेलं असतं आणि बाहेर जुनं कवच पडलेलं असतं, गदेसकट, डोळ्यांच्या टोप्यांसकट. त्यानंतरही चार दिवस थांबा. पहिला घास मऊ द्या, शिंपला आणखी आठवड्यानं.

मोरचूद, फवारा आणि धूर

प्राणी आणायच्या आधी टाकी तयार झाली का बघायला मी चार समुद्री गोगलगायी सोडल्या होत्या. एका रविवारी पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी चारही वाळूवर पडलेल्या, तोंडं मिटलेली. दोन दिवस विचार केल्यावर बादली आठवली. पावसाळ्याआधी झाडांच्या खोडांना बोर्डो पेस्ट लावली होती, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ती बादली धुऊन, उन्हात वाळवून ठेवली होती आणि मी तीत मीठ घोळलं. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट. बिनकण्याच्या समुद्री जिवांना तांबं अगदी थोडंही सोसत नाही. सगळं पाणी फेकलं, फिल्टरमध्ये नवा कार्बन टाकला, नवी पांढरी बादली आणली आणि तिच्यावर लाल रंगानं फुली मारली. ती घरात दुसऱ्या कशालाच वापरायची नाही. तसाच नियम तांब्या-पितळेच्या भांड्यांचा. आपल्या घरी गुंड, हंडे, तांबे हाताशी असतात आणि पिण्याच्या पाण्याला ते चांगले, टाकीला नाहीत.

ज्या दिवशी बागेत फवारणी असते त्या दिवशी मी टाकीला हात लावत नाही, मुलगी खाऊ घालते. मच्छरांच्या अगरबत्त्या आणि प्लगमधलं औषध बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं असतं, तेही याला विष. त्या खोलीत आम्ही मच्छरदाणीच वापरतो. पावसाळ्यात ग्रामपंचायतीची धूर फवारणी गल्लीत येते तेव्हा खिडकी लावून टाकीवर ओलं फडकं टाका, आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद करा. लोक हे विसरतात. पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

वीज आणि परगाव

मे-जूनच्या वादळात खांब पडले की वीज दीड-दोन दिवस येत नाही. इन्व्हर्टरवर हवेचा पंप आणि एक पंखा, एवढाच भार ठेवा. हीटर किंवा मोठी मोटर नको. शिवाय पॉवर बँकेवर चालणारा लहान पंप घेऊन ठेवा. तेही संपलं तर मगानं पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत सोडायचं, दर अर्ध्या तासानं दहा-बारा वेळा. एकटा प्राणी आहे, त्याला तेवढ्यात निभतं. वीज नसेल त्या दिवशी खाऊ घालू नका.

लग्नाला, तेरवीला, चार-पाच दिवस परगावी जायचं असेल तर खाण्याची चिंता करू नका, तो उपाशी राहू शकतो. शेजाऱ्याला खाऊ घालायला सांगू नका. माया करणारा माणूस मूठभर टाकतो. सांगायचं ते फक्त पाण्याचं. मी जाताना आरओच्या पाण्याच्या बाटल्या भरून, प्रत्येकीवर वार लिहून, टाकीशेजारी ओळीनं ठेवतो. आईला रेघ दाखवून ठेवली आहे. पहिल्या वेळी तिनं सवयीनं देवघरातला तांब्या उचलला होता, म्हणून आता भिंतीला खिळा ठोकून त्यावर निळा प्लॅस्टिकचा मग टांगला आहे. बाटलीतलं पाणी मगात घ्यायचं आणि काचेच्या कडेनं, दारापासून दूर, हळू सोडायचं.